मूर्ती लहान, कीर्ती किती?

वनस्पतींमधले औषधी घटक वाढवण्यासाठी शास्त्रज्ञ आता नॅनो कणांची मदत घेत आहेत. हे इवलेसे कण नेमकं करतात तरी काय? त्यातलं आपल्या घरापर्यंत काय यावं आणि काय येऊ नये?

आज एक साधा प्रयोग करून बघा. तुळशीच्या दोन कुंड्या शोधा. एक दिवसभर उन्हात राहणारी, दुसरी जिन्याखाली किंवा घराच्या कोपऱ्यात ठेवलेली. दोन्हींचं एकेक पान खुडा, बोटांनी चुरगाळा आणि नाकाशी न्या. सावलीतलं पान कदाचित मोठं आणि लुसलुशीत असेल, पण वास बेताचाच येईल. उन्हात तापलेलं, जरा राकट दिसणारं पान मात्र घमघमेल.

जात तीच, माती तीच, पाणीही तेच. मग फरक कशाने पडला?

या एका प्रश्नात आजचा विषय सामावलेला आहे. आपण ज्याला तुळशीचा गुण म्हणतो, तो पानात कायमचा साठवून ठेवलेला नसतो. रोप तो गरजेप्रमाणे तयार करतं, कधी कमी तर कधी जास्त. ही गरज रोपाला आपण मुद्दाम जाणवून दिली तर? गेल्या काही वर्षांत त्यासाठी एक नवं साधन प्रयोगशाळांमध्ये आलं आहे. त्याचं नाव नॅनो तंत्रज्ञान, मराठीत अब्जांश तंत्रज्ञान.

पळता येत नाही, म्हणून

संकट आलं की माणूस पळतो, मांजर झाडावर चढते. झाडाला मात्र उभं आहे तिथेच उभं राहावं लागतं. अळी आली, बुरशी लागली, ऊन भाजून काढू लागलं, पाणी तुटलं, तरी जागा सोडता येत नाही. म्हणून झाडांनी रसायनांची शस्त्रं बनवली. कडू चवीने अळीला पळवायचं, उग्र वासाने किडीला चकवायचं, बुरशीला वाढूच द्यायचं नाही. वनस्पती अशी दोन लाखांहून अधिक निरनिराळी रसायनं तयार करतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

कडुनिंबाचा कडूपणा, लवंगेचा झणझणीतपणा, हळदीचा पिवळा रंग, पुदिन्याचा थंडावा, अश्वगंधाच्या मुळांमधले औषधी घटक ही सगळी याच कारखान्यातली. झाडाने ती आपल्यासाठी बनवलेली नाहीत, स्वतःसाठी बनवली आहेत. आपण त्यांचा उपयोग शोधून काढला, एवढंच.

त्यामुळे गंमत अशी होते की पुष्कळदा झाडाची अडचण ही आपली चंगळ ठरते. दार्जिलिंगच्या प्रसिद्ध 'मस्कटेल' चहाचंच बघा. उन्हाळी खुडणीच्या सुमारास तुडतुडे आणि फुलकिडे चहाची कोवळी पानं चावतात. चावलेलं पान प्रतिकारासाठी सुगंधी रसायनं बनवतं आणि त्याच पानांच्या चहाला चढा भाव मिळतो. अगराच्या झाडाचंही तेच. निरोगी झाडाच्या लाकडाला फारसा वास नसतो. खोडाला जखम होऊन बुरशी शिरली की झाड गडद, सुगंधी राळ तयार करतं. 'अगरबत्ती' या शब्दातलं अगर ते हेच.

हिवतापाचं औषध आणि लखनौ

प्रश्न फक्त सुगंधाचा असता तर एवढी धडपड कुणी केली नसती. पण जीव वाचवणारी औषधंही याच कारखान्यातून येतात, आणि तिथे उत्पादन फार तुटपुंजं असतं.

हिवतापावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाची गोष्ट घ्या. चीनच्या तू यूयू यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका जुन्या चिनी औषधी वनस्पतीतून ते शोधलं आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ही वनस्पती म्हणजे आर्टेमिसिया ॲनुआ. जोतिबाला आपण जो सुवासिक दवणा वाहतो, त्याच्याच कुळातली, त्याची बहीणच म्हणा. या रोपाच्या वाळलेल्या पानांत आर्टेमिसिनिन किती असतं? चांगल्या वाणातही साधारण एक टक्का. म्हणजे शंभर किलो वाळलेली पानं घेतली तर त्यात जेमतेम किलोभर औषध. ते सगळं काढता येतं असंही नाही.

भारतात या वनस्पतीचं मोठं काम लखनौमध्ये झालं. गोमतीकाठच्या या शहराची ओळख आपल्याला चिकनकारी, दशहरी आंबा आणि नवाबी अदब यांमुळे असते. पण वनस्पती आणि औषधं यांच्या संशोधनातही हे शहर देशात आघाडीवर आहे. केंद्रीय औषध संशोधन संस्था इथे १९५१ मध्ये सुरू झाली, तीही छत्तर मंझिल या नवाबी महालात. सिकंदरबागेजवळच्या वनस्पती उद्यानातून आजची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था घडली. १९५९ मध्ये औषधी वनस्पतींसाठी वेगळी संस्था स्थापन झाली. तीच आजची केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्था, शेतकऱ्यांच्या तोंडी 'सीमॅप'. १९६५ मध्ये विषविज्ञानाची संस्थाही आली. तिचं काम आपल्या गोष्टीत पुढे येणार आहे.

सीमॅपने आर्टेमिसियाची लागवड भारतात रुजवली आणि अधिक औषध देणारे वाण निवडले. औषध संशोधन संस्थेने सीमॅपच्या साथीने आर्टेमिसिनिनपासून आर्टीथर हे हिवतापावरचं इंजेक्शन विकसित केलं. रोपापासून रुग्णापर्यंतचा मोठा पल्ला एकाच शहरात पार पडला.

या सगळ्या प्रवासात पहिला प्रश्न कायम राहिला. पानातच औषध कमी असेल, तर ते वाढवायचं कसं?

खोटी आरोळी

यासाठी तीन वाटा आहेत. पहिली, चांगला वाण निवडणं. सीमॅपने तुळस, पुदिना, गवती चहा, अश्वगंधा अशा कितीतरी वनस्पतींचे वाण असेच काढले. दुसरी, लागवड आणि काढणी नेमकी करणं. तिसरी वाट जरा खोडकर आहे. रोपाला खोटीच आरोळी ऐकवायची, 'अरे, शत्रू आला!'

झाड शत्रूला ओळखतं ते त्याच्या खुणांवरून. बुरशीच्या पेशीभोवती कायटिन नावाचा पदार्थ असतो, किड्यांच्या कवचातही तो असतो. पानाला त्याचा तुकडा जाणवला की आत धावपळ सुरू होते. पेशींमध्ये कॅल्शियमची लाट उसळते, मग जॅस्मोनेटसारखी संदेशवाहक रसायनं तयार होतात आणि औषधी घटक बनवणारी जनुकं जागी होतात. जॅस्मोनेट हे नाव जाईच्या कुळावरून पडलं. या गटातलं एक रसायन १९६२ मध्ये पहिल्यांदा जस्मिनच्या तेलात सापडलं होतं.

शत्रू न पाठवता नुसती खूण पाठवली, तरी रोप फसतं. अशा खुणेला शास्त्रज्ञ 'एलिसिटर' म्हणतात. आपण तिला 'डिवचणारा पदार्थ' म्हणू. याचा उपयोग नवा नाही. कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल हे औषध यू वृक्षाच्या पेशी मोठ्या टाक्यांमध्ये वाढवूनही मिळवता येतं. अशा पेशींना जॅस्मोनेटने डिवचलं तर औषध वाढतं, हे १९९० च्या दशकातच दिसून आलं होतं.

अडचण अशी की डिवचणारा पदार्थ पानावर नुसता फवारला तर बराचसा वाहून जातो, उन्हाने बिघडतो किंवा मेणचट पानावरून घसरतो. इथेच नॅनो कण कामाला येतात.

साठ गुंठ्यांचा चौकोनी तुकडा

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर भरते. आपली नखं दर सेकंदाला जवळपास एक नॅनोमीटर वाढतात, म्हणजे हे वाक्य वाचेपर्यंत तुमचीही थोडी वाढली. साधारण १ ते १०० नॅनोमीटर एवढ्या आकाराच्या कणांना नॅनो कण म्हणतात.

पदार्थ इतका बारीक केला की त्याचा स्वभावच बदलतो. हिशोबच करू. एक सेंटिमीटर बाजू असलेला चौकोनी तुकडा घ्या, फाशासारखा. त्याच्या सहा बाजूंचं मिळून क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या टपाल तिकिटाएवढं. आता तोच तुकडा कापत कापत एकेक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ होतं सहा हजार चौरस मीटर. म्हणजे जवळपास साठ गुंठे, दीड एकर! वजन तेवढंच, पण रोपाशी भिडणारा पृष्ठभाग एक कोटी पट.

योगायोग असा की ज्या १९५९ साली औषधी वनस्पतींची ती संस्था सुरू झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत रिचर्ड फाइनमन यांनी अतिसूक्ष्म जगाच्या शक्यतांवर ते प्रसिद्ध व्याख्यान दिलं. नॅनो तंत्रज्ञानाची गोष्ट सांगताना सुरुवात त्याच व्याख्यानापासून करतात.

कणांची तीन कामं

रोपाच्या बाबतीत नॅनो कण मुख्यतः तीन भूमिका करतात.

पहिली भूमिका आरोळी ठोकण्याची. कोळंबी सोलली की टरफलं उरतात ना? त्या टरफलांत कायटिन असतं. त्यावर प्रक्रिया करून कायटोसान बनतं आणि कायटोसानचे नॅनो कण करता येतात. पानाला वाटतं, बुरशी आली, आणि ते कामाला लागतं. कायटोसान पुढे कुजून जातं, म्हणून संशोधकांना ते विशेष आवडतं. चांदीचे कणही रोपाला असंच डिवचतात, पण ते जरा धसमुसळे. ते कसे, ते पुढे येईलच.

दुसरी भूमिका खाऊ पुरवण्याची. जस्त, लोह यांसारखी मूलद्रव्यं रोपाला अगदी थोडी लागतात, पण लागतात. औषधी घटक बनवणारी कितीतरी विकरं, म्हणजे एन्झाइम, त्यांच्याशिवाय चालत नाहीत. नॅनो रूपात ती थोड्या मात्रेत पानावाटे देता येतील का, हे तपासलं जात आहे.

तिसरी भूमिका हमालाची. सिलिकाचे सच्छिद्र कण स्पंजासारखे असतात. त्यांच्या भोकांत डिवचणारा पदार्थ भरला की तो एकदम न सांडता हळूहळू झिरपतो. सिलिकाचा एक स्वस्त स्रोत आपल्या ओळखीचा आहे, भाताच्या तुसाची राख.

परिणाम दिसतो का? दिसतो. २०१३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी आर्टेमिसियाची केसाळ मुळं काचेच्या चंबूत वाढवली आणि त्यांना सिलिका व चांदीच्या नॅनो कणांनी डिवचलं. तीन दिवसांत मुळांतलं आर्टेमिसिनिन जवळपास चौपट झालं. अश्वगंधा, तुळस, पुदिना अशा वनस्पतींवरही जगभर असे प्रयोग चालू आहेत.

पण 'चौपट' शब्द वाचून थांबू नका. ही मुळं चंबूत होती. तिथे ना पाऊस, ना माती, ना तुडतुडे, ना वीज जाण्याची भीती. शिवाय मुळांत मुळातच आर्टेमिसिनिन फार थोडं असतं, ते बनतं मुख्यतः पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत. थोड्याचं चौपट झालं, तरी ते थोडंच असू शकतं. चंबूपासून शेतापर्यंतची वाट लांब आहे.

पुण्यातला गवती चहा आणि सोनं

चांदी-सोन्याचे नॅनो कण करायला पूर्वी तीव्र रसायनं लागत. मग ते पर्यावरणाला कसे परवडणार? यावर एक सुंदर उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून आलं. तिथे मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांच्या अर्कात सोन्याचा क्षार मिसळला. द्रावणात चक्क सोन्याचे त्रिकोणी नॅनो कण तयार झाले. २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात हे संशोधन छापून आलं. कडुनिंबाच्या पानांचा अर्क वापरूनही याच प्रयोगशाळेने चांदी-सोन्याचे कण बनवले.

पावसाळ्यात आपण चहात टाकतो, तीच गवती चहाची पात! तिच्यातले घटक धातूच्या क्षाराचं कणांत रूपांतर करतात. पुढे जगभर 'हरित पद्धती'ची लाटच आली. म्हणजे चक्र असं झालं की वनस्पती नॅनो कण बनवतात आणि तेच कण दुसऱ्या वनस्पतीचे गुण वाढवण्यासाठी वापरून बघितले जातात. फक्त एक लक्षात ठेवू. कण बनवण्याची रीत हरित झाली, म्हणून कण आपोआप निर्धोक होत नाही. पानाच्या अर्कात बनलेली चांदी शेवटी चांदीच असते.

अति तेथे माती

आपल्या आज्यांना हे विज्ञान शिकवावं लागलं नसतं. डिवचणं थोडं असेल तर रोप सावध होतं, जास्त झालं तर आजारी पडतं. जो कण ठरावीक मात्रेत औषध वाढवतो, तोच मात्रा चुकली की मुळांची वाढ खुंटवतो आणि पानं पिवळी पाडतो. चांदी तर जंतूंचा कर्दनकाळ. ती मातीत साठली, तर रोपाला मदत करणाऱ्या जिवाणूंनाही सोडणार नाही.

आणखी एक हिशोब शेतकऱ्याच्या बाजूने करायला हवा. समजा, एका तुकड्यातून शंभर किलो वाळलेली पानं मिळतात आणि त्यांत औषधी घटक एक टक्का आहे. म्हणजे एक किलो घटक. आता फवारणीने प्रमाण दीड टक्का झालं. बातमी येईल, 'औषधी गुणांत पन्नास टक्के वाढ!' पण प्रतिकारात शक्ती खर्च झाल्यामुळे रोपाची वाढ मंदावली आणि पानं साठच किलो आली, तर? साठ किलोचे दीड टक्के म्हणजे ९०० ग्रॅम. टक्का वाढला, पण माल घटला, वर फवारणीचा खर्च वेगळाच. म्हणून कुठलाही दावा ऐकला की विचारायचं, वाढ टक्क्यांत की एकरी किलोत?

तिसरा हिशोब आपला, म्हणजे खाणाऱ्याचा. लखनौला लागून असलेल्या बाराबंकी जिल्ह्यात मेंथॉल पुदिन्याची मोठी शेती आहे. बाममधला, टूथपेस्टमधला, खोकल्याच्या गोळीतला थंडावा अशाच शेतांतून येतो. तिथे पाला वाफेवर ठेवून तेल काढतात. धातूचा कण वाफेबरोबर उडत नाही, तो मागे चोथ्यात राहतो. तेलाच्या दृष्टीने ही बाजू जमेची, पण तो चोथा पुढे शेतात गेला तर कणही मातीत जातील. आणि तुळशीचं पान तर आपण अख्खं चावून खातो, अश्वगंधाच्या मुळांचं चूर्ण दुधात घालून पितो. तिथे जे पानात किंवा मुळात राहील, ते सरळ पोटात जाईल.

म्हणून लखनौच्या चौथ्या संस्थेचं, भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेचं काम इतकं महत्त्वाचं. तिथे नॅनो पदार्थांचा पेशींवर, शरीरावर आणि पर्यावरणावर काय परिणाम होतो, हे तपासलं जातं. एकाच शहरात एक संस्था गुण कसे वाढवायचे ते बघते आणि दुसरी दोष कुठे लपले आहेत ते शोधते. ही दोन्ही कामं बरोबरीने चालली, तरच या तंत्रज्ञानावर विश्वास ठेवता येईल. २०२० मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने शेतीतल्या आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांची पारख कशी करायची, याची मार्गदर्शक तत्त्वंही जाहीर केली.

युरियाच्या बाटलीचा धडा

घाई केली की काय होतं, याचं एक उदाहरण ताजं आहे. २०२१ मध्ये इफ्कोने नॅनो युरिया बाजारात आणला. अर्ध्या लिटरची बाटली ४५ किलोच्या पोत्याचं काम करेल, असं सांगितलं गेलं. कल्पना मोह पडावा अशीच होती. इफ्कोने आपल्या चाचण्यांत उत्पादन वाढल्याचं सांगितलं. पण पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत नेहमीच्या नत्राचा काही भाग कमी करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा गव्हाचं उत्पादन सुमारे २१ टक्क्यांनी आणि भाताचं सुमारे १३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. दाण्यातली प्रथिनंही कमी झाली.

म्हणजे नॅनो तंत्रज्ञान खोटं आहे का? मुळीच नाही. पण 'नॅनो' हा शब्द बाटलीवर छापल्याने रोपाचं पोट भरत नाही. वेगवेगळ्या मातीत, वेगवेगळ्या हंगामांत, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या लोकांनी केलेल्या चाचण्या लागतात. औषधी वनस्पतींच्या बाबतीत तर त्या दुप्पट लागतात. इथे माल थेट रुग्णाच्या हाती जातो. चूर्णात औषधी घटक कमी असला तर उपयोग होणार नाही, भलताच जास्त असला तर मात्रा चुकेल.

मग आपण काय करायचं?

घरच्या तुळशीवर, पुदिन्यावर किंवा कढीपत्त्यावर 'नॅनो' म्हणून मिळणारा कोणताही फवारा मारू नका. जे पान आपण धुऊन थेट खातो, त्यावर असले प्रयोग नकोतच.

गुण वाढवायचे साधे उपाय तुमच्या हातात आहेत. तुळशीला भरपूर ऊन द्या. रोज कुंडी तुडुंब भरू नका, वरची माती सुकली की मग पाणी घाला. पुदिन्याचे शेतकरी कापणीच्या आधी काही दिवस पाणी बंद करतात आणि ढगाळ दिवस टाळून स्वच्छ उन्हाच्या दिवशी पीक कापतात, ते तेलासाठीच. पानं वाळवायची असतील तर कडक उन्हात नको, वारा खेळेल अशा सावलीत वाळवा. ऊन रोपाला हवं, खुडलेल्या पानाला नको. खुडलेल्या पानातलं सुगंधी तेल उन्हात उडून जातं. वाळलेली पानं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि वर्षानुवर्षं साठवू नका.

शेती करत असाल, तर फवारा विकायला आलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारा. एक, यात नेमका कोणता कण आहे आणि किती? दोन, माझ्या पिकावर, उघड्या शेतात, कोणत्या विद्यापीठाने किंवा संस्थेने चाचणी घेतली? तीन, काढणीनंतर माझ्या मालात तो कण किती उरतो? उत्तरं मिळाली नाहीत, तर बाटली परत द्या आणि तेच पैसे चांगल्या वाणाच्या रोपांवर खर्च करा. वाण चांगला असेल, तर गुणांची निम्मी लढाई तिथेच जिंकलेली असते.

आणि औषधी चूर्ण विकत घेत असाल, तर 'नॅनो शक्ती' वगैरे मोठ्या अक्षरांपेक्षा बारीक अक्षरं वाचा. घटक किती, तारीख कोणती, परवाना क्रमांक आहे का? गरोदर बाई, लहान मूल किंवा नेहमीची औषधं चालू असलेले आजी-आजोबा घरात असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका. गुण असलेल्या गोष्टीला मात्राही असतेच.

पुन्हा त्या पानाकडे

उद्या कदाचित असा दिवस येईल की कोळंबीच्या टरफलापासून बनलेला एक निरुपद्रवी कण आर्टेमिसियाच्या शेतावर फवारला जाईल, शेतकऱ्याच्या त्याच एकरातून जास्त औषध निघेल आणि हिवतापाची गोळी आणखी स्वस्त होईल. अशक्य काहीच नाही. त्यासाठी चंबूतल्या यशाला शेतातल्या यशाची जोड हवी आणि वाढलेल्या गुणाला सुरक्षेची खात्री हवी. हे काम धीराचं आहे. ते करणाऱ्यांना वेळ द्यायला हवा, आणि आपण उतावीळपणे बाटलीमागे धावायला नको.

मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं आपण सहज म्हणून जातो. नॅनो कणाची मूर्ती लहान आहे, यात शंका नाही. कीर्ती किती, ते शेतातला तराजू आणि विषविज्ञानाची प्रयोगशाळा मिळून ठरवतील.

तोवर जिन्याखालची ती कुंडी उचला आणि उन्हात नेऊन ठेवा. महिन्याभराने तिथे आलेलं नवं पान पुन्हा चुरगाळून बघा. घरातल्या मुलांनाही वास घ्यायला लावा.